बायनाबाईंचा आपटा

रोज सकाळी अंगण झाडून झालं की बायनाबाई केराच्या ढिगातून एक पान उचलायच्या. निवडून नाही, हाताला येईल ते. उजेडाकडे धरून त्याच्या शिरा पाहायच्या, पालथं करून अंगठा फिरवायच्या, देठ नखानं दाबायच्या आणि त्याचं नाव घेऊन ते परत ढिगात टाकायच्या. कधी "करंज", कधी "पळस", कधी नुसतंच "आपलाच निंब". मग ढीग पाटीत भरून उकिरड्याकडे निघायच्या.

वैष्णवी सून होऊन हिवरगव्हाणात आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटलं, सासूबाई देवाचं नाव घेतात. ती दाराच्या चौकटीत हात जोडून उभी राहायची. महिनाभरानं ते बायनाबाईंच्या लक्षात आलं आणि हसता हसता त्या झाडू टाकून खाली बसल्या. पान कुणाचं ते कळलं की रात्री वारं कुठल्या अंगानं होतं ते कळतं, असं त्यांनी सुनेला सांगितलं. करंज गावात फक्त ओढ्याला होते, पळस वरच्या माळाला. निंब दारातलाच, त्याचं पान निघालं म्हणजे वारं पडलेलं. वैष्णवीनं जोडलेले हात सोडले, पण चहा ठेवताना आज कुणाचं पान निघालं हे ऐकायची तिला जी सवय लागली ती लागलीच.

युसूफवडगावच्या रस्त्यावरच्या एका रोपवाटिकेत बायनाबाईंनी एकतीस वर्षं रोजंदारीवर काम केलं. माती, वाळू आणि शेणखत चाळून काळ्या पिशव्या भरायच्या, बी टोचायचं, झारीनं पाणी द्यायचं, तण काढायचं. पहिल्याच पावसाळ्यात त्यांनी तण समजून खैराच्या रोपांचे दोन वाफे उपटून टाकले होते. मुकादमानं सगळ्या बायांदेखत त्यांना ती रोपं एकेक करून हातात धरायला लावली आणि दरवेळी विचारलं, हे गवत दिसतं का. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी भाकरीचं फडकं सोडलं नाही. वाफ्याच्या कडेला बसून एक तण आणि एक रोप शेजारी शेजारी ठेवून त्या पाहत राहिल्या.

तेव्हापासून त्या पाहायला लागल्या. लिहिणं-वाचणं त्यांना सहीपुरतं आणि हजेरीपुरतं येत होतं. पण झाडाला काय काय विचारायचं ते त्यांनी हळूहळू ठरवून टाकलं. पान एकटं आहे की दांड्यावर ओळीनं. डहाळीवर पानं समोरासमोर निघतात की एक इकडं, एक तिकडं. देठ मोडला तर चीक येतो का. काटे जोडीनं आहेत का, आणि असले तर दोन्ही सरळ की बोरीसारखा एक सरळ नि एक वाकडा. साल उभी फाटते की तिचे खवले सुटतात. शेंग झाडावर आपोआप फुटते की वाळून तशीच लटकत राहते. एवढं विचारलं की झाड आपली भावकी सांगून टाकतं, असं त्या म्हणायच्या.

भावकी हा त्यांचाच शब्द. वड, पिंपळ, उंबर आणि नांद्रुक एका भावकीतले; कारण चौघांनाही चीक आणि चौघांच्याही कोंबावर टोपी. ती टोपी गळाली की डहाळीभोवती अंगठीसारखा वळ राहतो. बाभूळ, हिवर आणि खैर यांची भावकी काट्यांची नि बारीक पानांची. कडुनिंब आणि बकाणा चुलतभाऊ. निंबाच्या दांड्यावर पानं सरळ बसतात, बकाण्याच्या दांड्याला पुन्हा दांडे फुटतात.

कुणाच्या बांधावर अनोळखी रोप उगवलं की माणूस फांदी घेऊन बायनाबाईंच्या ओसरीवर यायचा. उन्हाळ्यात झाडावर पानं नसली तर सालीचा तुकडा घेऊन यायचा. त्या सांगतील ते गावात शेवटचं. या मानाचं त्यांना सुख होतं, आणि ते त्यांनी कधी लपवलंही नाही. सोयरिकीत, वाटणीत, निवडणुकीत त्यांना कुणी काही विचारत नसे. झाडाचं मात्र त्यांनाच विचारत.

गावच्या शिवेवर, केजकडून येणाऱ्या रस्त्याच्या कडेला, पूर्वी एक जुना आपटा होता. दसऱ्याला शिलंगणाला सगळं गाव तिथं जायचं, पूजा व्हायची आणि मग त्याची पानं लुटून ती सोनं म्हणून घरोघर द्यायची. तो आपटा दुष्काळात वाळला. पूजेचा मान आश्रुबांच्या घराकडे. आश्रुबा नात्यानं बायनाबाईंचे लांबचे दीर, वयानं सत्तरीचे, जिभेनं तिखट. त्यांनी सांगितलं की वैनी, आता रोप तुमीच द्या, आन असं द्या की माज्या मागं बी टिकलं पायजे. ही सात वर्षांपूर्वीची गोष्ट. बायनाबाईंनी रोप दिलं. खड्डा स्वतः खणला, बोरीच्या काट्यांचं कुंपण घातलं, उन्हाळ्यात डोक्यावरून घागरी नेऊन पाणी घातलं. तीन वर्षांनी कुंपण निघालं आणि चौथ्या दसऱ्यापासून गाव त्या झाडाची पूजा करायला लागलं.

अलमास आली ती त्यानंतर बऱ्याच काळानं, एका भाद्रपदात. केजला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. वय तिशीच्या आतलं. बसस्टँडजवळ तिच्या अब्बांचा फळांचा गाडा होता आणि त्या गाड्यावरून बायनाबाई कधीतरी पेरू घेत आल्या होत्या, एवढी ओळख पहिल्या पाच मिनिटांत निघाली. गावोगावच्या झाडांची नोंदवही करायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं. ग्रामपंचायतीत तिनं चौकशी केली तर तिथं एकच नाव सांगितलं गेलं.

आठ दिवस दोघी शिवार हिंडल्या. अलमासकडं टेप, भिंग आणि जाड नोंदवही. छातीच्या उंचीवर ती खोडाला टेप गुंडाळायची, आकडा लिहायची, मग भिंगातून पान पाहायची. तोवर बायनाबाईंनी नाव सांगून झालेलं असायचं. तिसऱ्या दिवशी उंबराखाली भाकरी खाताना त्यांनी आपल्या भावक्या सांगितल्या, तेव्हा अलमासचा घास हातातच राहिला. आमच्या पुस्तकात याला कुळ म्हणतात मावशी, ती म्हणाली, आणि बहुतेक माणसं तीच आहेत. बायनाबाईंनी विचारलं, पुस्तकवाले आधी काय बघतात, काटा का पान. अलमास म्हणाली, फूल. पान जागेप्रमाणं लहानमोठं होतं, काटा कधी येतो कधी येत नाही, पण फूल सहसा फसवत नाही.

"फूल पाव्हणं हाय," बायनाबाई म्हणाल्या. "आठ दिस येतंय नि जातंय. धा म्हैने घरात असतंय ते पान."

यावर दोघींचा वाद झाला आणि तो ओढा ओलांडेपर्यंत चालला. दोघींनाही त्यात मजा आली.

शेवटच्या दिवशी त्या शिवेवरच्या झाडाशी आल्या. अलमासनं पान तोडलं नाही, फांदीवरच उलटून पाहिलं. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. भिंगाखाली शिरा मोजल्या. मग वहीत 'आपटा' लिहिलं, थोडं थांबली आणि पुढं एक प्रश्नचिन्ह काढलं. ती आकडीसारखी खूण बायनाबाईंना ओळखीची होती. रोपवाटिकेच्या हजेरीत ती ज्याच्या नावापुढं पडायची, त्याला संध्याकाळी मुकादम बोलवायचा.

"ते कावून काढलं?" त्यांनी विचारलं.

अलमासनं जपून सांगितलं. आपट्याचं पान लांबीपेक्षा रुंद असतं, जाड असतं, खालून राखाडी आणि लवेचं असतं. हे पान लांबट आहे, पातळ आहे आणि मधली खाच खोल गेली आहे. कदाचित कांचन असेल. कांचन आणि आपटा एकाच कुळातले, सख्खे म्हणावे इतके जवळचे. पण झाड दरवर्षी ओरबाडलं जातं, सगळी फूट नवी आहे, त्यामुळं पान असं झालं असेल. फूल पाहिल्याशिवाय खात्रीनं सांगता येणार नाही. फूल कसं येतं याला?

बायनाबाई सांगायला गेल्या आणि थांबल्या. या झाडाला फूल आलेलं त्यांनी पाहिलंच नव्हतं. एकदाही नाही. शेंगही नाही.

"हे झाड म्या लावलंय, मॅडम," त्या म्हणाल्या.

"म्हणूनच नुसती खूण केली, मावशी."

घरी जाताना बायनाबाईंना वाटलं, फूल येणार कुठून? दर दसऱ्याला गाव फांद्यांचे शेंडे मोडून नेतं, झाडाचा खराटा होतो. पुन्हा पालवी येईपर्यंत उन्हाळा लागतो. यंदा झाड तसंच राहू दिलं तर फाल्गुनात आपट्याची बारीक, पिवळट पांढरी फुलं माळेसारखी लोंबतील. तेव्हा मॅडमला बोलवायचं नि ती खूण पुसून घ्यायची. त्यांचं ठरलं.

आश्रुबांना पटवणं सोपं नव्हतं. पानं लुटायची नाहीत तर शिलंगणाला जाऊन करायचं काय, नुसते हात जोडून परत यायचं काय, असं त्यांनी विचारलं. झाड दमलंय, बायनाबाईंनी सांगितलं. एका घराला एक पान, तेही मी माझ्या हातानं देणार. आश्रुबांनी पारावरच्या चारचौघांकडं पाहून सांगितलं, की वैनी रेशनचं दुकान टाकायल्यात. चारचौघं हसले, पण नाही कुणी म्हणालं नाही. झाडाच्या बाबतीत त्यांना नाही म्हणायची गावाला सवय नव्हती.

दसऱ्याच्या दिवशी त्या झाडाला पाठ लावून बसल्या. आतल्या फांदीचं एकेक पान खुडायचं आणि पुढं आलेल्या हातावर ठेवायचं. गावात एकशेचाळीस उंबरे. देण्याआधी प्रत्येक पानाच्या पाठीवरून त्यांचा अंगठा सवयीनं फिरायचा आणि प्रत्येक वेळी त्याला गुळगुळीत लागायचं. लव नव्हती. पाचपन्नास पानांनंतर अंगठ्याला जे कळलं होतं ते त्यांनी मनात येऊ दिलं नाही. नवी फूट आहे, त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि पुढचं पान दिलं.

वसुबारसेच्या सकाळी त्या सहज शिवेपर्यंत गेल्या. दूध नेणारी एक मोटरसायकल नुकतीच गेली होती, रस्त्यावर तिचा धूर होता, बाकी कुणी नव्हतं. लांबूनच त्यांना दिसलं की शेंडे बदलले आहेत. जवळ जाऊन पाहिलं तर प्रत्येक फांदीच्या टोकाला कळ्या. करंगळीच्या पेराएवढ्या, शिरा उठलेल्या, टपोऱ्या. आश्विन महिना. आश्विनात आपट्याला कळी येत नाही.

त्यांनी एक कळी तोडली आणि नखानं सोलली. आत गुलाबी होतं.

त्या तिथंच दगडावर बसल्या. आता त्यांना सगळं उलटीकडून आठवायला लागलं. दुष्काळाचा तो उन्हाळा. बालाघाटाच्या डोंगरातलं एक लहानसं देऊळ, तिथला आपटा. त्याच्या शेंगा त्या वर्षानुवर्षं आणत आल्या होत्या. आपट्याची शेंग आपोआप फुटत नाही; आठ दिवस पोत्यावर वाळवायची, मोगरीनं कुटायची, तेव्हा कुठं बी मोकळं होतं. पण त्या वर्षी झाडाच्या बुडाशी सुटं बी सांडलेलं दिसलं. चपटं, तपकिरी. वर आपट्याच्या शेंगा लटकलेल्या, खाली बी. घरी मालक अंथरुणाला खिळलेले, दोनची जीप चुकली तर संध्याकाळ होणार. त्यांनी मूठभर बी पदरात बांधलं आणि निघाल्या. आपट्याच्या पलीकडं दहा पावलांवर देवळातल्या लोकांनी शोभेसाठी लावलेलं आणखी एक झाड होतं. पानं झडलेलं, नुसत्या काटक्या. त्याच्या शेंगा उन्हात तडकून पिळवटल्या होत्या आणि बी लांबवर उडालं होतं. ते झाड त्यांनी पाहिलं होतं, पण त्याला काही विचारलं नव्हतं.

वीस पिशव्यांत बी टोचलं. त्या उन्हाळ्यात एकच रोप जगलं.

आपट्याच्या बुडाशी सुटं बी कधी पडलेलं नसतं, हे पंचक्रोशीत त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि नंतर सात वर्षं त्यांनी त्या झाडाला पाणी घातलं, काटे घातले, हळदीकुंकू वाहिलं. पण दारात आलेल्या कुठल्याही परक्या फांदीला विचारतात तेवढंही त्याला विचारलं नाही. नाव आधीच माहीत होतं ना.

त्यांनी वर पाहिलं. झाड फार उंच नव्हतं. वाकवली तर प्रत्येक फांदी हाताला लागत होती. पाव तासात सगळ्या कळ्या पाटीत आल्या असत्या. गाव दरवर्षी नकळत तेच करत आलं होतं. शेंड्याबरोबर कळीही जायची, म्हणून तर इतकी वर्षं कुणाला काही कळलं नाही. एक वर्ष कळून-सवरून केलं तर पाहणारं कोण होतं? ती फांदी त्यांनी हातात धरली. बराच वेळ धरली. मग सोडली, आणि सोललेली कळी मुठीत घेऊन सरळ आश्रुबांच्या गोठ्याकडं गेल्या.

आश्रुबा म्हशीपुढं कडबा टाकत होते.

"भाऊजी, शिवेवरचं झाड आपटा न्हाई," बायनाबाई म्हणाल्या. "कांचन हाय."

आश्रुबांनी कळी हातात घेतली, फिरवून पाहिली. "कोण म्हणतंय?"

"मी म्हणतीया. चूक माजीच हाय. बी म्या आणलं हुतं."

"चार साल हळदीकुंकू वाहिलं म्या त्याला."

"व्हय."

"आन चार साल तुमी माज्या हातनं सोनं म्हणून घेतलं."

"घेतलं."

आश्रुबा म्हशीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले. मग आवाज खाली करून म्हणाले, "आजून कुणाला म्हाईत हाय?"

"तुमालाच."

"मग मी विळा घिऊन येतो. कळ्या काढून टाकू. वैनी, झाडाच्या बाबतीत तुमचं नाव हाय गावात. कशाला घालवता?"

बायनाबाईंना हे अपेक्षित नव्हतं. या माणसानं जन्मभर त्यांना टोमणेच मारले होते. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"आन उद्या कुणी फांदी घिऊन दारात आलं," त्या म्हणाल्या, "तर त्याला म्या कुठल्या तोंडानं सांगू?"

आश्रुबांनी कडब्याची उरलेली पेंढी सोडून म्हशीपुढं टाकली. मग त्यांच्या मिशीत हसू आलं. "एकतीस वरीस रोपवाटिकेत घालवली," ते म्हणाले, "आन शेजाऱ्याचं लेकरू उचलून आणलं."

बायनाबाईही हसल्या. डोळ्यांत पाणी असताना हसल्यामुळं त्यांना ठसका लागला आणि आश्रुबांच्या घरातून कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला.

संध्याकाळपर्यंत गावाला कळलं. राग फारसा कुणाला आला नाही. थट्टा मात्र झाली. बंकटनं आपल्या किराणा दुकानापुढं मेथीची काडी वर धरून विचारलं, मावशी, हा वड का पिंपळ. त्यांनी सांगितलं, वड, आणि मुकाट्यानं साखर घेऊन आल्या. थट्टेचं त्यांना फार वाटलं नाही. वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. पंधरा दिवस झाले, महिना झाला, ओसरीवर फांदी घेऊन कुणी आलं नाही. वैष्णवीच्या ध्यानात आणखी एक गोष्ट आली. सकाळी झाडून झाल्यावर आत्याबाई पान उचलत होत्या, उजेडाकडं धरत होत्या, अंगठा फिरवत होत्या. पण नाव न घेताच ते ढिगात टाकत होत्या. वैष्णवी चहा ठेवून कान देऊन उभी राहायची आणि चहा उतू जायचा.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर अलमास आली. कांचन तोवर भरात आला होता. मोठी गुलाबी फुलं, त्यांत मधमाश्या; केजच्या जीपा तिथं वेग कमी करून जात होत्या. अलमासनं पिशवीतून वही आणि पांढरी शाई काढली.

"खोडू नका," बायनाबाई म्हणाल्या. "नुसती रेघ मारा. आपटा लिवलेलं खालून दिसू द्या."

अलमासनं रेघ मारली, वर 'कांचन' लिहिलं आणि शेऱ्याच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. बायनाबाईंनी सांगितलं. तिनं लिहून वाचून दाखवलं: सात वर्षांपूर्वी आपटा समजून लावलेला. लावणाऱ्या बायनाबाई. बी झाडाखालचं उचललेलं, शेंगेतलं नव्हे. ओळख पटली ती फुलावरून.

"पान बी खरंच बोलत हुतं," बायनाबाई म्हणाल्या. "तेवढं लिवायला जागा हाय का?"

जागा नव्हती. अलमासनं समासात आडवं लिहिलं.

पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी विषय काढला, की शिवेवरचं झाड आता ठेवायचं का तोडायचं. आश्रुबा उठले. झाडानं कुणाचं काही बिघडवलेलं नाही, ते म्हणाले, त्याला आपण काय म्हणतो ते त्याला ठाऊकही नव्हतं, राहू द्या. दहा पावलांवर आपटा लावू. रोप कुणाकडून आणायचं, हा प्रश्न निघाला. बायनाबाई बायकांच्या मागच्या रांगेत होत्या. त्यांनी मान खाली घातली.

"रोप वैनीच देतील," आश्रुबा म्हणाले. "दुसऱ्यानं दिलं तर त्याचं काय निघंल, कुणी सांगावं. ह्यांचं निदान काय निघलं ते ह्या सांगतात तरी."

फाल्गुनात बायनाबाई वैष्णवीला घेऊन त्या डोंगरातल्या देवळाशी गेल्या. आपटा फुलला होता. बारीक, पिवळट पांढऱ्या फुलांच्या माळा, आणि त्यांच्यामध्येच गेल्या सालच्या काळपट, किंचित वळलेल्या शेंगा अजून लटकलेल्या. त्यांनी सुनेच्या हातात आधी पान दिलं, मग फूल, मग शेंग, आणि प्रत्येक वेळी काय दिसतं ते तिलाच विचारलं. स्वतः काही सांगितलं नाही. वैष्णवीनं पानाची पाठ अंगठ्यानं चोळून पाहिली आणि म्हणाली, खरबरीत लागतंय, बारीक लव हाय. तेव्हा कुठं त्यांनी शेंगांना हात घातला. झाडाखाली वाकून एकही बी उचललं नाही. येताना जीपमध्ये शेंगांचं गाठोडं त्यांच्या मांडीवर होतं.

त्याच आठवड्यात बंकट ओसरीवर आला. हातात निष्पर्ण काटकी आणि सालीचा एक तुकडा. बांधावर उगवलंय, ठेवू का काढू, असं त्यानं विचारलं. या वेळी तो हसत नव्हता. बायनाबाईंनी काटकी घेतली. जुन्या पानांचे व्रण पाहिले, साल मोडून वास घेतला, किती उंच, जागा ओलीची का कोरडी, शेजारी कोण, असं विचारत राहिल्या. पूर्वी एवढा वेळ त्यांना कधी लागला नव्हता.

"भोकर वाटतंय," त्या शेवटी म्हणाल्या. "पान फुटलं की परत दाव. तवर काढू नको."

बंकट बरं म्हणून गेला. आतून वैष्णवीनं ते ऐकलं. 'वाटतंय' हा शब्द आत्याबाईंच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी ढिगातल्या पानाचं नाव पुन्हा ऐकू आलं.

चैत्रात बायनाबाई गेल्या. आजार नव्हता. सकाळची कामं उरकून, जरा पडते म्हणून आडव्या झाल्या, त्या उठल्या नाहीत. कांचनाच्या शेंगा तेव्हा उन्हात तडकत होत्या. तिरडी शिवेजवळून जाताना तो आवाज सगळ्यांनी ऐकला. आश्रुबा तिथं क्षणभर थांबले, मग चालू लागले. आपट्याच्या शेंगा वैष्णवीनं तेराव्यानंतर कुटल्या, बी कढत पाण्यात भिजवून पिशव्यांत टोचलं. चाळीस पिशव्यांतली सव्वीस रोपं उगवली. अलमासनं येऊन ती पाहिली. दोन पानं आल्यावर लगेच नाव लिहायचं नाही, असं दोघींनी मिळून ठरवलं.

बायनाबाई गेल्या त्या सकाळी मात्र शेंगा अंगणात पोत्यावर पसरलेल्याच होत्या. आदल्या संध्याकाळी वळवाचा शिडकावा होऊन गेला होता. बायनाबाईंनी अंगण झाडलं, ढिगातून एक पान उचललं, उजेडाकडं धरलं. "आपलाच निंब," त्या म्हणाल्या. पाटी उकिरड्यावर रिकामी करून आल्या, पोत्याशी बसल्या आणि एक शेंग दोन बोटांत दाबून पाहिली.

"वैष्णवी, आज कुटू नको गं," त्या म्हणाल्या. "दमट लागायल्यात. सावली आली की पोतं जरा पलीकडं ओढ."